गॅरेजमधलं साकाए

हॅमिल्टनमधल्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या राउंडअबाउटवर, म्हणजे रस्ते फुटतात त्या गोल चौकात, एखादी चहाची टपरी असती, तर पुढचा सगळा घोळ झालाच नसता. टपरीच हवी असंही नाही. नुसता एक रिकामटेकडा माणूस कठड्यावर पाय हलवत बसलेला असता, तरी भानुदास सरांचं भागलं असतं. गाडीची काच खाली करायची, 'का हो भाऊ, हा रस्ता कुठं जातो?' असं विचारायचं, आणि त्या भाऊनं 'आधी तुम्हाला कुठं जायचंय ते सांगा' म्हणत उरलेला प्रवास हातवारे करून समजावून द्यायचा, ही सरांची गाडी चालवण्याची नागपूरपासूनची पद्धत. पण हॅमिल्टनच्या त्या गोलावर गवत होतं, गवतात बाण होते, बाणांवर नावं होती, आणि माणूस औषधालाही नव्हता. जे होते ते सगळे काचा लावून आपापल्या गाडीत. काचेवर टकटक करावी तर तो धावत असतो आणि आपणही धावत असतो.

सर नळाचा वायसर आणायला निघाले होते. स्वयंपाकघरातला नळ टिपटिप गळत होता, आणि गळता नळ पाहिला की सरांना रात्री झोप येत नाही. वायसर मिळाला नाही. परतताना त्यांनी त्या गोलाला पुष्कळ फेऱ्या घातल्या. दर फेरीला वाटे, मघाचा तोच रस्ता बरोबर होता. शेवटी मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला, आणि त्याचा मान राखायचा म्हणून सर समोर दिसला त्या रस्त्याला लागले. तो एक्सप्रेसवे निघाला. एक्सप्रेसवे हा मोठा मानी रस्ता असतो. त्याला मागे वळणं ठाऊक नसतं. हंटली गावात एका डेरीवाल्यानं, म्हणजे आपल्याकडच्या किराणा दुकानदारानं, त्यांना पाणी पाजलं आणि घरी फोन लावून दिला.

रात्री विवेक जेवून ताटावरून उठला. विवेक म्हणजे सरांचा मुलगा. दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि एकूणच कमी बोलतो. हात धुऊन त्यानं दारामागच्या खिळ्यावरची सरांच्या गाडीची किल्ली काढली आणि खिशात घातली.

"बाबा, थोडे दिवस माझ्याकडे राहू द्या."

"का?"

"तुम्हाला पंचाहत्तरावं लागतंय. लायसन्ससाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागणारच आहे. ते मेमरीसुद्धा बघतात. तोवर मी सोडत जाईन ना तुम्हाला."

'मेमरी' हा शब्द टेबलावर पडला आणि तिथेच राहिला. सूनबाई संघमित्रानं डाळीचं भांडं उचलून पुन्हा जागेवर ठेवलं. टिपटिप नळ ऐकू येत राहिला.

आता किल्ली म्हणजे काय, हे तरुण माणसाला कळायचं नाही. कमलाबाई म्हणजे सरांची बायको. त्यांचे गुडघे बसच्या पायरीला तयार नसतात. त्यांना कुठं न्यायचं, तर सरांनीच. दर शनिवारी नदीपलीकडच्या हॉलमध्ये सर मुलांना मराठी शिकवतात. तिथं आपली गाडी आपण लावून, हातात खडूंचा डबा घेऊन उतरणारा माणूस हा शिक्षक असतो. मुलानं दारात उतरवून 'बाबा, मी साडेबाराला येतो, इथंच थांबा' असं सांगितलेला माणूस हा पार्सल असतो. सरांना पार्सल व्हायचं नव्हतं. एवढीच सगळी गोष्ट आहे.

"माझी स्मरणशक्ती?" सर म्हणाले. "अरे, ज्या माणसाला एकोणचाळीस वर्षांनंतर साकाएचा बोळ न् बोळ पाठ आहे, त्याची स्मरणशक्ती तपासणार तुम्ही?"

"झालं," कमलाबाई म्हणाल्या. "निघालं साकाए."

साकाए म्हणजे जपानमधल्या नागोया शहराचा मध्यभाग. मोठमोठी दुकानं, बँका, कचेऱ्या सगळ्या तिथं. वर एक बाजार आणि जमिनीखाली दुसरा, तोही तेवढाच मोठा. सर तेव्हा नागपूरच्या आयटीआयमध्ये लेथ मशीन शिकवत. सरकारनं त्यांना सहा महिने नागोयाला पाठवलं, नवी यंत्रं शिकून या म्हणून. दिवसा यंत्रं, संध्याकाळी साकाए. विवेक तेव्हा रांगत होता. परत आल्यावर सरांनी कमलाबाईंना पहिलं वाक्य सांगितलं ते असं, की तुला एकदा साकाए दाखवीन. त्यानंतर घर झालं, बहिणींची लग्नं झाली, विवेकचं शिक्षण झालं. साकाए राहिलं. बोलण्यात मात्र ते रोज येई. कमलाबाईंना त्या गावातला चेस्टनट भाजणारा म्हातारा आपल्या सख्ख्या दिरापेक्षा जास्त माहीत होता.

"आजोबा," नातू मैत्रेय म्हणाला. तो नऊ वर्षांचा आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. "प्रूव्ह इट."

सरांनी आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं होतं, की कुणी म्हणतो म्हणून मानू नका, करून बघा. आता माघार कशी घ्यायची?

"करतो," सर म्हणाले. "आख्खं साकाए मांडून दाखवतो. बरोबर निघालं तर किल्ली खिळ्यावर. बोल विवेक."

विवेक म्हणाला, "बघू." इंजिनिअर माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा तो नाही म्हणत असतो, पण सरांनी ते होकार म्हणून घेतलं.

पहिल्या दिवशी साकाए खडूचं होतं. ड्राइव्हवेवर सरांनी मोठा चौक आखला, त्याच्या बाजूनं रुंद हमरस्ता काढला, टीव्हीचा मनोरा उभा केला, म्हणजे आडवाच काढला. पायऱ्या उतरून खालच्या बाजारात जायचं, म्हणून खालचा बाजार निळ्या खडूनं. दुपारी हॅमिल्टनचा पाऊस आला. तो येतो म्हणून कळतच नाही, हवा ओली व्हायला लागते एवढंच. संध्याकाळी दोन्ही बाजार गटाराच्या जाळीतून खऱ्याच जमिनीखाली गेले.

"सर, खडू इज नॉट स्केलेबल," कुंपणावरून रमण म्हणाला.

रमण हा पुण्याचा. वेलिंग्टनच्या एका कंपनीचं काम घरबसल्या करतो, त्यामुळे दिवसभर कुंपणापाशी उपलब्ध असतो. सल्ला द्यायला त्याला विषय लागत नाही, ऐकणारा लागतो. किल्ली गेल्याची बातमी लागल्यापासून त्यानं सरांना शब्दकोडी सोडवायला सांगितलं होतं, उलटे आकडे म्हणायला सांगितलं होतं, डाव्या हातानं दात घासायला सांगितलं होतं. त्याची बायको नीता रोज भिजवलेले बदाम पाठवत होती. पलीकडच्या ग्लेनिसबाईंनी तर साधाच उपाय सांगितला. त्या ऐंशीच्या पुढच्या, आणि त्यांच्या मते रस्ता चुकला की जिथं पोचाल तिथं चहा प्यावा. "शी'ल बी राइट, डिअर," म्हणजे होईल सगळं ठीक, असं त्या म्हणाल्या. सरांना हा एकच सल्ला पटला, पण तो विवेकपुढे मांडण्यासारखा नव्हता.

"मग काय करू म्हणतोस?" सरांनी रमणला विचारलं.

"खोकी! थ्री-डी करा. मुलं आतून चालली पाहिजेत."

मुलं आतून चालली पाहिजेत, हे वाक्य सरांच्या काळजाला लागलं. त्यांच्या डोक्यात आधीच एक विचार घोळत होता. शनिवारच्या वर्गात 'डावीकडे, उजवीकडे, सरळ' हा धडा मुलांना काही केल्या चिकटत नव्हता. फळ्यावरचं डावं-उजवं कुणाच्या कामाचं? माणूस हरवल्याशिवाय दिशा शिकत नाही.

मग खोकी आली. संघमित्रा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिनं हातमोज्यांची रिकामी खोकी आणली. त्यांच्या बँका झाल्या. रमणनं टीव्हीची आणली, त्यांची मोठी दुकानं झाली. तरी जमिनीखालचा बाजार उरला, आणि त्यात माणूस वाकून जाऊ शकेल एवढी खोकी हवीत म्हणून सर रमणच्या गाडीत बसून 'ते रापा'ला गेले आणि फ्रिजची खोकी घेऊन आले. त्या दुकानातला पोरगा 'हीप्स आहेत, ढीगभर, घेऊन जा' म्हणाला. सरांनी ते शब्दशः घेतलं. रमणला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. नळाचा वायसर आणायचा दर वेळी राहून गेला.

गॅरेज भरलं. विवेकची गाडी बाहेर गेली. जून महिना होता, म्हणजे इथला हिवाळा, सकाळी काचेवर बर्फाची साय धरे, आणि विवेक कारखान्यात जाण्याआधी कोमट पाण्याची तपेली घेऊन तिच्यावर ओतत उभा राही. त्या वेळी तो गॅरेजच्या दाराकडे ज्या नजरेनं बघे, ती नजर सरांनी पाहिली नाही असं नाही. पण नागोया एका दिवसात बांधलं गेलं नव्हतं, आणि गॅरेजमध्ये ते अजून निम्मंच झालं होतं.

सरांची बांधण्याची तऱ्हा मात्र बघण्यासारखी होती. रमण विचारे, "सर, या गल्लीची लांबी किती?" सर म्हणत, "लांबी नाही बुवा आठवत. पण या कोपऱ्यावर मोजे विकणारी बाई होती. तिचा चष्मा नाकाच्या टोकावर असायचा." मग ते कार्डबोर्डची बाई कापत, मैत्रेय तिला चष्मा काढी, आणि बाई जिथं उभी राही तिथं कोपरा होई. चपट्या शेवयांचं सूप विकणारा, तो रोज 'इंडो, इंडो', म्हणजे 'भारत, भारत', अशी हाक मारायचा, तिथं दुसरा कोपरा. मोठ्या दुकानाच्या लिफ्टमधली पांढऱ्या हातमोज्यांची मुलगी, ती वाकून नमस्कार करायची. सर पहिल्या दिवशी तिला उलट वाकून नमस्कार करत राहिले, तीही करत राहिली, आणि लिफ्ट दोन वेळा वर जाऊन खाली आली. तिला खरेच हातमोजे घातले, लॅबमधले. पोलिसचौकीतला शिपाई. चेस्टनटवाला म्हातारा. आणि एक छत्रीवाला माणूस. त्याला सरांनी शेवटी केलं आणि सगळ्यांत वेळ लावून केलं.

"हा कोण?" मैत्रेयनं विचारलं. मराठीतून विचारलं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"हा होय? एकदा मोठा पाऊस होता, आणि मला बसचा थांबा सापडत नव्हता. मी याला म्हटलं, सुमिमासेन. म्हणजे माफ करा हं. मला तेवढंच येत होतं. त्यानं बोट नाही दाखवलं. अर्धी छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि थांब्यापर्यंत चालत आला. मी बसमध्ये चढलो आणि खिडकीतून बघतो, तर हा आल्या वाटेनं परत चाललेला. त्याला जायचं होतं उलट्या बाजूला!"

"दॅट्स सो फनी."

"फनी नाही रे बाळा," सर म्हणाले, आणि छत्रीची काडी पुन्हा चिकटवायला घेतली.

साकाए ड्राइव्हवेवर आलं, आणि ड्राइव्हवे संपल्यावर फुटपाथशेजारच्या गवतावर उतरलं. ते गवत नगरपालिकेचं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी नारिंगी जाकिटातला एक तरुण माणूस दारात हजर झाला. कुणीतरी फोन केला होता.

"ही इमारत आहे का?" त्यानं विचारलं.

"हे नागोया आहे," सर म्हणाले.

त्यानं हातातल्या टॅबवर बराच वेळ शोधलं. नागोयासाठी तिथं रकाना नसावा. "बरेच दिवस राहणार का नागोया?"

"शनिवारपर्यंत. मुलांची परीक्षा आहे."

"गवतावर नाही राहता येणार, सर. आणि आत मुलं जाणार असतील तर मला एकदा आतून बघावं लागेल."

तो पायऱ्यांच्या खोक्यातून आत गेला. सर बाहेर थांबले. रमण थांबला. ग्लेनिसबाई मांजर घेऊन आल्या, त्याही थांबल्या. आतून आधी 'ऑल गुड' असा आवाज आला, मग काही वेळानं 'हॅलो?' असा आला. रमण उत्साहानं त्याला सोडवायला आत शिरला आणि वाटेत सरळ उभा राहिला. तो उभा राहिला तशी एक बँक त्याच्या डोक्याबरोबर उठली आणि दोन दुकानं शेजारच्या हमरस्त्यावर झोपली. शेवटी रमणची मुलगी ओवी, सात वर्षांची, गुडघ्यांवर आत गेली आणि त्या नारिंगी माणसाचं बोट धरून त्याला शेवयांच्या दुकानावरून बाहेर घेऊन आली.

"चला, मी दाखवते," ती त्याला सांगत होती. त्याला मराठीचा गंध नव्हता, पण तो बिनतक्रार चालत होता.

सर बघतच राहिले. रमण डोक्यावरची बँक उतरवत म्हणाला, "सर, ही घरी माझ्याशी मराठीत एक अक्षर बोलत नाही!"

नारिंगी माणसानं गवत मोकळं करायला सांगितलं, बाकी हरकत नाही म्हणाला, आणि जाता जाता दाराबाहेर चार पावलं गेल्यावर वळून विचारून गेला, की ती मोजेवाली बाई खरंच होती का.

शनिवारी हॉलऐवजी वर्ग गॅरेजमध्ये भरला. सरांनी धडा बदलला होता. निम्मी मुलं हरवणार आणि निम्मी दुकानदार होणार. हरवलेल्यानं 'माफ करा हं' म्हणायचं, आणि दुकानदारानं बोट दाखवायचं नाही, हात धरून पोचवून यायचं. गॅरेजमध्ये एकच कल्ला झाला. 'उजवीकडे, उजवीकडे, तुझं उजवं नाही, माझं!' ओवीचा भाऊ अक्षत तर मुद्दाम पुन्हा पुन्हा हरवत होता, कारण पोचवणारा दर वेळी नवीन. कमलाबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना आत वाकता येत नव्हतं. सरांनी पहिलं साकाए त्यांच्यासाठीच बांधायला हवं होतं आणि दारं मात्र मुलांच्या उंचीची ठेवली होती. हे लक्षात आलं तेव्हा सर कात्री घेऊन एक दार उंच करायला गेले. पण वरचा भार फार होता.

"राहू द्या हो," कमलाबाई म्हणाल्या. "मला इथून दिसतंय."

परीक्षा अजून व्हायची होती. ती खरी सरांची. 'इंडिपेंडंट व्हेरिफिकेशन पाहिजे' असं रमणनं विवेकच्या देखत ठरवून टाकलं होतं, आणि ग्लेनिसबाईंच्या बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबात, एक हायाशीबाई येत, त्या नागोयाच्याच निघाल्या. दुपारी त्या आल्या. बारीक अंगाच्या, राखाडी स्वेटर, हातात संत्र्यांची पिशवी. विवेक हाताची घडी घालून भिंतीला टेकला. सर एखाद्या पोरासारखे ताठ उभे.

हायाशीबाई साकाएभोवती एक फेरी फिरल्या. मग बूट काढून, वाकून, आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी स्वेटरची बाही डोळ्यांना लावली, मग बूट घातले.

"मनोरा या बाजूला नाही," त्या इंग्रजीतून हळू म्हणाल्या. "तो उलट बाजूला. हा रस्ता तिकडे जात नाही. ही गल्ली तर मी कधी पाहिली नाही. आणि हे मोठं दुकान आता राहिलंच नाही, पाडलं ते. तिथं नवीन काहीतरी आहे."

विवेकनं घसा साफ केला. सरांचे कान तापले. मोठ्या माणसाचा अपमान आधी कानांना कळतो.

"रस्ते सगळे चुकलेत," हायाशीबाई म्हणाल्या. "माणसं सगळी बरोबर आहेत. त्या लिफ्टमधल्या मुली अगदी अशाच वाकायच्या. खालच्या चौकात आई मला उभी करायची आणि सांगायची, हलू नकोस, मी आले. मी आत्ता तिथे थोडा वेळ उभी राहिले."

त्या सरांपुढे वाकल्या. सर वाकले. त्या पुन्हा वाकल्या. हे बराच वेळ चाललं असतं, पण कमलाबाईंनी चहा आणला.

निकाल काय लागला, यावर घरात एकमत झालं नाही. रमण म्हणाला, पन्नास टक्के म्हणजे पास. मैत्रेय म्हणाला, "आजोबा वॉज रॉब्ड." विवेक म्हणाला, "बाबा, रस्तेच चुकलेत ना पण? गाडी रस्त्यावरून चालवायची असते." रविवारी पावसानं ड्राइव्हवेवरचा भाग बसवून टाकला, बँका मऊ पडल्या, आणि सर भिजलेली दुकानं नगरपालिकेच्या पिवळ्या झाकणाच्या रद्दीच्या डब्यात कोंबत राहिले. डब्यात एक रस्ताच मावला. बाकीच्या शहराला पुढच्या कितीतरी आठवड्यांची वाट बघावी लागणार होती. छत्रीवाला मात्र त्यांनी टाकला नाही.

सर्टिफिकेटसाठी गेले तेव्हा डॉक्टरांनी सरांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. सरांनी घड्याळ काढलं आणि आतली चाकंही काढली, आणि कोणतं चाक कोणाला फिरवतं ते समजावून दिलं. डॉक्टरीणबाईंना उशीर होत होता, पण त्यांना ते आवडलं. मेमरी उत्तम आहे, माझ्यापेक्षा बरी, असं त्या विवेकला म्हणाल्या. विवेकनं विचारलं, "आणि दिशा?" त्या म्हणाल्या, "त्याला फोनमधला नकाशा आहे की."

किल्ली खिळ्यावर आली. पण सोबत विवेकची अटही आली. फोनवरची बाई सांगेल तसंच जायचं, आई शेजारी बसेल, आणि पुन्हा एकदा जरी हरवलात तरी किल्ली कायमची माझ्याकडे.

"आता कायमची म्हणजे कायमची, बाबा."

"कायमची," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं वायसर आणायला निघाले. जाताना सगळं ठीक झालं. वायसर मिळाला. येताना तो गोल आला. फोनमधली बाई म्हणाली, तिसऱ्या रस्त्यानं बाहेर पडा.

"पहिला कोणता धरायचा?" सरांनी विचारलं. "आपण आलो तो मोजायचा का?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

"ती ऐकत नाही. ती नुसती सांगते."

"मग कसली बाई ती! ओळख ना पाळख," असं म्हणून कमलाबाईंनी तिला पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली. पर्समधून ती बराच वेळ घुसमटत काहीतरी सांगत होती. मग दमली. रस्ता अरुंद झाला, मग खडीचा झाला, आणि दोन्ही बाजूंना गाई दिसायला लागल्या. सरांनी गाडी थांबवली.

"गेली किल्ली," ते म्हणाले.

"उतरा. विचारा."

"कुणाला? गाईंना?"

"तो बघा, फाटकापाशी."

फाटकापाशी एक दांडगा माणूस तार ओढत होता. थंडीत अर्धी चड्डी, पायात जँडल म्हणजे रबरी सपाता, शेजारी मागून उघडी यूट गाडी आणि तिच्यात कुत्रा. सर उतरले. ते चिखलातून त्याच्यापर्यंत गेले आणि तोंड उघडलं. घाबरलं की माणसाच्या तोंडून जुनं काहीतरी निघतं.

"सुमिमासेन," सर म्हणाले.

"किया ओरा," त्यानं इथला नमस्कार केला. "हरवलात?"

त्यानं सांगायला सुरुवात केली. हात उजवीकडे गेला, मग डावीकडे, मग हवेत गोल फिरला आणि तिथेच थांबला. त्यानं सरांकडे पाहिलं, गाडीतल्या कमलाबाईंकडे पाहिलं, पक्कड खिशात टाकली. "राहू द्या. या माझ्या मागून."

तो पुढे निघाला. दर वळणावर खिडकीतून हात काढून दाखवायचा, मागे आहेत ना बघायचा. कुत्राही बघायचा. त्या गोलावर त्यानं एकच रस्ता घेतला, सरळ, जणू दुसरे रस्ते नव्हतेच. सर हसायला लागले. कमलाबाई पुढच्या त्या हाताकडे बघत होत्या.

विवेक घराच्या फाटकाशीच उभा होता. उशीर झाला होता आणि फोन लागत नव्हता. यूट थांबली, मागे गाडी थांबली. विवेकनं हात पुढे केला, किल्लीसाठी.

"हरवलात ना?"

"हरवलो कशाला," कमलाबाई दार धरून उतरत म्हणाल्या. "पोचवलं आम्हाला."

त्या दांडग्या माणसानं 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे झकास, म्हणून अंगठा वर केला. सर रस्त्याच्या कडेला ताठ झाले आणि कमरेतून वाकले, पार खालपर्यंत. तो गोंधळला. मग गाडीत बसल्याबसल्या त्यानंही मान वाकवली, जमली तेवढी. यूट घरासमोरच्या अरुंद रस्त्यावर दोनदा मागेपुढे होऊन वळली, आणि आल्या वाटेनं परत गेली.

सर तसेच वाकलेले होते. विवेकचा हात अजून पुढेच होता. विवेक थोडा वेळ रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला, थोडा वेळ वडिलांच्या पाठीकडे, आणि मग त्यानं तो हात तसाच, किल्लीवाचून, खिशात घातला.

"बघितलं हो," कमलाबाई सरांच्या खांद्याला धरून म्हणाल्या. "दाखवलंत एकदाचं साकाए. उठा आता, वायसर बसवायचाय."